गाडीजवळ कोण

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर बळीराम गावंड्यांनी भिंतीवरचा चारधामचा नकाशा स्वतःच्या हातानं उतरवला आणि त्याच खिळ्याला मुलानं, ऋतिकनं, छापून आणलेला युरोपचा नकाशा टांगला. खिळा तोच, दोरी तीच आणि हातातली लाल-निळी पेन्सिलही तीच. दिग्रसच्या गावंडे यात्रा कंपनीला एकोणचाळीस वर्षं झाली होती. या पेन्सिलीनं आखलेली एकही यात्रा आजवर फसली नाही, असं बळीरामजी चारचौघांत सांगत. ज्या फसल्या त्या देवाच्या मर्जीनं फसल्या. आणि एकोणचाळीस वर्षांत पंगतीचा भात फक्त एकदाच लागला, हेही ते सांगत, पण ते हंसाबाईंकडं पाहून; आजही सांगून झालं.

हंसाबाई दाराशी अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. नवऱ्याचं हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते भिंतीवरच्या घड्याळासारखं झालं होतं, वाजलं तरी ऐकू येत नसे.

कंपनीचा एक नेम होता. नव्या ठिकाणी गिऱ्हाईक न्यायचं तर आधी घरच्यांनी जाऊन यायचं. रामेश्वरला असंच झालं, पशुपतिनाथलाही असंच. आता ऋतिकच्या डोक्यात बर्फ शिरला होता. यात्रेला येणारी माणसं गुडघ्याला तेल चोळत घरी बसलीत आणि त्यांची पोरं विमानानं हिंडतात, हे त्याचं म्हणणं दोन वर्षं घरात घुमत होतं. पुसदचे डॉक्टर, दारव्ह्याचे व्यापारी त्याला विचारत, बर्फावर घसरायला नेता का म्हणून. ऋतिकची बहीण सलोनी म्युनिकला नोकरी करत होती, तिनंही जोर लावला. शेवटी बळीरामजी हो म्हणाले. जानेवारीत घरचेच निघायचे होते. ते नवरा-बायको दोघं, ऋतिक, बळीरामजींचा धाकटा भाऊ गोपाल आणि त्याची बायको वर्षा. सलोनी तिकडं येऊन मिळणार होती. व्हिसाचे कागद गुरुवारी नागपूरला द्यायचे होते आणि कोणत्या दिवशी कुठं मुक्काम हे त्यांत लिहून द्यावं लागत होतं, म्हणून आजची बैठक.

"सात स्थळं, चार देश, नऊ दिवस," बळीरामजींनी पेन्सिल नकाशावर टेकवली. "इन्सब्रुक, किट्झब्यूल, कोर्टिना, सेंट मॉरिट्झ, दावोस, झेरमॅट आन शामोनी. झालं की परत म्युनिक. गाडी तिथूनच भाड्यानं घ्याची."

भावाच्या कुठल्याही बेताला पहिली मान गोपालची हलत असे. ती हलली. "दिवसाले एक बी नाई पडून राह्यलं भाऊ. चारधामात आपण दिवसाले दोन देव करतो."

"तिकडं हिवाळ्यात उजेड कमी. म्हणून सैल ठेवलं."

तांब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून सलोनी बोलली. "बाबा, सगळं ऐकलं मी. आता एक सांगा, घसराचं कवा?"

"पोचल्यावर."

"तुमी पोचता बारा वाजता आन निघता दोनले."

"दोन तास कमी आहेत काय? तिरुपतीले दोन मिनिटं उभं राहू देत नाईत."

"अवो बाबा, दर्शन नाई ते. शिकाले तीन दिवस लागतात, ते बी एकाच जागी."

"शिकाचं काय त्यात?" बळीरामजींना खरंच कळलं नव्हतं. "घसराचंच तर आहे."

वर्षा पदर तोंडाला लावून हसली. तिला सात स्थळं नकोच होती. तिला गाडी लागत असे, दिग्रसहून आर्णीला जाईपर्यंत ती दोन लिंबं हुंगून संपवी. नवऱ्याच्या गाडीला नावं ठेवायची नाहीत म्हणून ती एकोणीस वर्षं तोंड मिटून सगळ्या यात्रा करत आली होती. "मले तर एकच जागा चालते," ती म्हणाली. "बसली तिथं बसली."

"तुले घरच्या झोक्यावर बी लागते," गोपाल म्हणाला.

वर्षानं ऋतिककडं आशेनं पाहिलं, पण तोही या बाबतीत बापाच्याच बाजूचा निघाला. गिऱ्हाईक आधी हेच विचारतं, तो म्हणाला, की किती देश होतात. एकाच गावात सहा दिवस बसवलं तर दारव्ह्याचा माणूस म्हणेल, यापेक्षा चिखलदऱ्याला गेलो असतो. सलोनी एकटी पडली. ती म्हणाली, "बरं, तुमच्या मनानं करा. पण घसराच्या बुटाची मापं पाठवा सगळ्यांनी. आईचं तेवढं आलं आहे."

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. हंसाबाईंनी अंबाडीचं एक पान जास्तच लक्ष देऊन पाहिलं आणि टोपलीत टाकलं.

माप त्यांनी मंगळवारी दुपारी काढलं होतं, घरात कोणी नसताना. कॅलेंडरचं मागचं पान जमिनीवर पसरून त्यावर उजवा पाय ठेवला आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. मग डावा. सलोनीनं सांगितलं होतं, दोन्ही पाठव. एकसष्टाव्या वर्षी आपला पाय असा कागदावर पाहून त्यांना थोडी लाज वाटली होती. त्यांनी फोटो पाठवला आणि ते पान गादीखाली सरकवून दिलं. फेकवलं मात्र नाही.

"तुले कायले पायजे माप?" बळीरामजींनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना नवल वाटलं होतं एवढंच.

"पोरीनं मांगतलं, म्या देलं," हंसाबाई म्हणाल्या.

विषय तिथंच मिटला असता. पण ऋतिकनं छापलेला कार्यक्रम वाटला, प्रत्येकाला चार पानं, टाचणी मारून. वर्षा मोठ्यानं वाचायला लागली आणि दुसऱ्याच पानावर थांबली.

"सूचना," ती म्हणाली. "यात्रेकरूंनी काठी, कानटोपी व विजेरी सोबत ठेवावी. डोली किंवा घोडा ज्याचा त्यानं करावा. गंगाजलासाठी झाकणाचा डबा आणावा. ऋतिक, हे कोठची गंगा रे बाबू?"

गोपाल मांडीवर थाप मारून हसला. बळीरामजींनाही हसू आलं. ऋतिकचे कान लाल झाले. "चारधामची फाईल होती काकू. तीच घेतली, गावांची नावं तेवढी बदलली. काही राह्यलं असन."

"राहू दे घोडा," गोपाल म्हणाला. "भाऊले लागन."

"काका, घोड्याचं सोडा," फोनमधून सलोनी म्हणाली. "झेरमॅटले गाडीच जात नाई. खालच्या गावात ठेवा लागते आन रेल्वेनं वर जा लागते."

आता बळीरामजींचा चेहरा उजळला. या युरोपात त्यांना ओळखीचं असं पहिल्यांदाच काही भेटलं होतं. "म्हणजे केदारनाथच झालं की. गाडी खाली, आपण वर." त्यांनी झेरमॅटभोवती निळा गोल केला.

"मंग गाडीजवळ कोण?" गोपालनं विचारलं आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. "वहिनी आहेतच."

कोणाला त्यात वावगं काही वाटलं नाही. गाडी एकटी सोडायची नाही, हा कंपनीचा दुसरा नेम. पहिल्याच वर्षी हरिद्वारला सगळे आरतीला गेले आणि टपावरच्या अकरा वळकट्या दोर कापून कोणीतरी नेल्या. तेव्हापासून गाडीजवळ एक माणूस राहतं. भात लावायलाही कोणीतरी लागतंच, तेव्हा ही दोन्ही कामं एकाच माणसाला देणं सोयीचं होतं. माणसं दर्शनाहून परत येत तेव्हा भाताची वाफ निघत असे, आणि गावंड्यांची यात्रा विदर्भात त्या वाफेवरच चालली, असं लोक म्हणत.

हंसाबाईंनी हात पुसले आणि आपली चार पानं उघडली. त्या सातवी शिकल्या होत्या, वाचायच्या सावकाश. शेवटच्या पानावर कामांची वाटणी होती. दिवस दुसरा, इन्सब्रुक, गाडीजवळ सौ. हंसाबाई. दिवस तिसरा, किट्झब्यूल, गाडीजवळ सौ. हंसाबाई. त्यांनी बोट खाली खाली नेलं. सात वेळा होतं.

"ऋतिक, हे तू लिह्यलं काय?"

ऋतिकनं मान पुढं काढून पाहिलं. "ते? ते आधीपासूनच होतं आई. फाईलमध्ये."

"हो," हंसाबाई म्हणाल्या. "आधीपासूनच आहे."

आपल्याला राग आला नव्हता, असं पुढं त्या सांगत, पण ते खोटं होतं. राग आला होता आणि तो नवऱ्याचा नव्हता. नवऱ्याचा येऊन येऊन जुना झाला होता. राग पोराचा आला. पोरगा पुण्यात शिकला, बापाला दोन शब्द ऐकवायला शिकला, आईसाठी कपडे धुवायची मशीन घेऊन आला. त्यानं केदारनाथ पुसून झेरमॅट लिहिलं, तारखा बदलल्या, आणि आईच्या नावावर त्याची नजरही अडखळली नाही.

त्यांनी पानं जुळवून परत दिली. "मंग मी नाई येत."

"काहून?" बळीरामजींनी विचारलं.

"इथं बी गाड्या उभ्या आहेत ना तीन. इथच्याच गाडीजवळ बसतो. तिकडं एवढ्या लांब कायले जाऊ बसाले?"

"पण वहिनी, तुमी नाई आल्या तर जेवणाचं कसं?" गोपाल बोलून गेला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. मनात काही नसतानाच तो असं बोलत असे.

वर्षा गर्रकन वळली. "तुमाले जेवणाचंच पडलं काय?" एकोणीस वर्षांत ती नवऱ्याला चारचौघांत असं पहिल्यांदाच बोलली, आणि गोपाल नकाशाकडं पाहू लागला.

बळीरामजींना वाटलं, बायको थंडीला भ्याली. त्यांनी समजुतीचा सूर लावला. "अवो, थंडीचं काय एवढं? बद्रीनाथची थंडी काय कमी राहते? अकरा वेळा जाऊन आली तू."

हंसाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. "वर्षा," त्या म्हणाल्या, "बद्रीनाथाची मूर्ती कशी आहे वं?"

"काळी आहे," वर्षा म्हणाली. "बसलेली. फुलंच फुलं राहतात अंगावर, पुरी दिसत बी नाई. कपाळावर..." ती थांबली. "ताई, तुमाले माईत नाई काय?"

"मले कसं माईत राहीन? मी गाडीजवळ होती ना."

बाहेर रस्त्यावरून यवतमाळची एसटी गेली.

"मी तर दर वेळी तुमाले प्रसाद आणून देत होती," वर्षा हळू म्हणाली. "तुमच्यासाठी बी मांगत होती देवाजवळ. मले वाटे, तुमी पहाटेच जाऊन येत असान."

"पहाटे चहा राहते पंचेचाळीस माणसांचा."

"मले वाटलं, वर्षासंग जात असन," बळीरामजी म्हणाले. गोपालला वाटलं होतं, भाऊ स्वतः घेऊन जात असतील. ऋतिकला काहीच वाटलं नव्हतं, त्यानं कधी विचारच केला नव्हता, आणि निदान तेवढं त्यानं कबूल केलं.

"अकराही वेळा, आई?" फोनमधून सलोनीनं विचारलं. हंसाबाईंनी टोपली उचलली आणि आत गेल्या.

मागं बैठक उधळली ती उधळलीच. ऋतिक स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, गाडीजवळ मी राहतो." त्याला सांगावं लागलं, की बाबू, तू गिऱ्हाईकासाठी जागा पाहाले चालला, गाडीत बसून त्याइले काय सांगशीन? मग वर्षा आली, म्हणाली, मी राहतो. "तुले उभ्या गाडीत बी लागते," हंसाबाई म्हणाल्या, आणि दोघी जावा थोड्या हसल्या. गोपाल आला नाही. पण त्यानं अंगणातून ओरडून विचारलं, की तिकडं एखादा चौकीदार भेटत नसन काय, आणि त्याच्यापुरती ती माफीच होती. बळीरामजी एकटेच मागच्या शेडकडं निघून गेले. गाडी धुतली का पाहतो म्हणाले. गाडी कालच धुतली होती.

पाच वाजता हंसाबाई चहा घेऊन शेडमध्ये गेल्या. मोठी गाडी पुढच्या आठवड्यात उज्जैनला निघायची होती. बळीरामजी तिच्या पायरीवर बसले होते. ऋतिकची चार पानं त्यांच्या गुडघ्यावर होती. हंसाबाईंनी बशीत कप ठेवून त्यांच्या हातात दिला. त्या परत फिरल्या नाहीत, समोर पालथ्या घातलेल्या गंजावर बसल्या. पंचेचाळीस माणसांचा भात ज्यात शिजायचा तो हाच गंज.

"वर्षा म्हणते मूर्ती काळी आहे," त्या म्हणाल्या.

"असन."

"असन म्हणजे?"

बळीरामजींनी चहा बशीत ओतला आणि तसाच धरून ठेवला. "म्या बी कोठी पाह्यली धड? पंचेचाळीस माणसं आत न्याची, पंचेचाळीस बाहेर काढाची. मी तं देवाकडं पाठ करून उभा राहत होतो. बेचाळीस झाले की पाहाचं, तिघं कोण राह्यले. तेवढ्यात पुजारी म्हणे, चला पुढं. झालं दर्शन."

"अकरा वेळा?"

"अकरा वेळा."

हंसाबाईंना यावर काय वाटायला हवं होतं ते त्यांना कळेना. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की आपल्या वाटचं निदान या माणसाला तरी मिळतं. ते त्यालाही मिळालं नव्हतं. ते तसंच वाया गेलं होतं. त्यांना वाईट वाटलं, आणि आपल्यापेक्षा त्याचंच थोडं जास्त वाटलं, याचा त्यांना वैतागही आला.

"बुटाचं माप कायले पाठवलं, सांगू काय?" त्या म्हणाल्या.

"सांग."

"बद्रीनाथलेच एक साल गाडी पुलाच्या अलीकडं उभी होती. समोरच्या उतारावर बर्फ राह्यला होता थोडा. तिथचीच दोन-तीन पोरं होती. जेवाच्या ताटात बसत आन घसरत खाली येत. पुन्हा वर चढत. मी इकडं उभी, हातात गंजावरचं झाकण. मले वाटलं, आपण बी जावं. एवढं मोठं झाकण आहे, आरामात बसू. कोणी नाई पाहून राह्यलं. दहा पावलं गेली बी मी." त्यांनी गंजावरून हात फिरवला. "मंग भात लागला."

बळीरामजींची बशी हातातच राहिली. "त्या दिवशी?"

"त्याच दिवशी."

"म्या बोललो होतो तुले."

"पंचेचाळीस माणसांपुढं. आन त्यानंतर आजवर."

दुपारीही बोलले होते ते, नकाशा टांगताना. बळीरामजींनी बशी पायरीवर ठेवली. त्यांनी माफी मागितली नाही, ती त्यांच्या सवयीतली गोष्ट नव्हती. खिशातून पेन्सिल काढली आणि शेवटचं पान उघडलं.

"गाडी एकटी सोडता येत नाई," ते म्हणाले.

"मले माईत आहे."

"ऋतिकले ठेवता येत नाई, गोपाल झोपते, वर्षाले लागते. मी राह्यलो तर तुमाले वर नेईन कोण?"

"म्या कोठी म्हटलं तुमी राहा म्हणून?"

बळीरामजींनी पेन्सिलीचं लाल टोक पुढं केलं. किट्झब्यूल खोडलं. कोर्टिना, सेंट मॉरिट्झ आणि दावोस खोडलं. शामोनीपाशी हात अडखळला, मग तेही गेलं. "रेल्वे जाते म्हणते ना सलोनी झेरमॅटले," ते म्हणाले. "इन्सब्रुकले बी म्युनिकहून जात असन. मंग गाडीच नोको."

हंसाबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. या माणसानं स्वतःच्या लग्नानंतरच्या देवदर्शनालाही गाडी नेली होती, वर तीसेक गिऱ्हाईक घेऊन.

"गाडीच नोको?"

"गाडीच नाई तर गाडीजवळ कोण, हे विचाराचं काम नाई." त्यांनी कामांची ती सात ओळींची वाटणी एका तिरक्या रेघेनं काढून टाकली. "पण दोन जागा ठेवतो. दोनच्या खाली मी जात नाई. कंपनीचं नाव आहे."

"ठेवा," हंसाबाई म्हणाल्या. "आन भाताचं?"

"तिकडचं काय भेटते ते खाऊ. नाई आवडलं तर गोपाल लावन भात. लागला तर लागला."

हंसाबाईंनी चहाची बशी उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिली. चहा गार झाला होता, तरी त्यांनी तो संपवला. शेडच्या पत्र्यावर खारीची पळापळ चालली होती. घरातून वर्षाचा आणि ऋतिकचा वाद ऐकू येत होता, बहुधा बुटाच्या मापांवरून.

"वर गेल्यावर माणसं मोजसान काय?" हंसाबाईंनी विचारलं.

"मोजाले आहोत किती आपण?" बळीरामजी म्हणाले, आणि बोलता बोलता सवयीनं उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. "तू, मी, ऋतिक, गोपाल, वर्षा. सलोनी धरून सहा."

"मंग नका मोजू," हंसाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चालता अंगठा आपल्या मुठीत धरून थांबवला.